सोबतीचा विश्वस्त

१

त्या घरात कोणी काय व्हायचं यावरून कधी वाद झाला नाही. थोरला दातांचा डॉक्टर झाला, मधली नाटकांची प्रकाशयोजना करू लागली, आणि धाकटा जन्मापासूनच सरकार होता. घरीदारी सगळे त्याला सरकारच म्हणत. वयाने चाळिशी ओलांडलेली, टक्कल पडू लागलेलं, पण मन सहा वर्षांच्या मुलाचं. बुटाची नाडी त्याला बांधता येत नसे, गॅसच्या आसपास त्याला कोणी फिरकू देत नसे, पण हुकूम असे सोडायचा की भल्याभल्यांनी मुकाट्याने उठावं. साबणाचे फुगे उडवणं हा त्याचा मुख्य उद्योग. तो हसायला लागला की शेजारीपाजारी कामं टाकून खिडकीत यायचे.

बाबांनी जाण्याआधी घर, खालच्या दुकानांचं भाडं आणि होतं नव्हतं ते सगळं एका कौटुंबिक न्यासात घालून ठेवलं होतं. मालमत्ता सरकारच्या सुखासाठी, सांभाळायची मात्र बाकीच्यांनी, असा साधा मामला. बाबा गेल्यापासून दादा, मधली आणि आत्या आळीपाळीने तिथे राहायला येत होते, आणि तिघांच्याही नाकी नऊ आले होते. म्हणून एका रविवारी सकाळी दिवाणखान्यात बैठक बसली. चहा झाला, बिस्किटांची बशी फिरली, सरकार खिडकीत बसून फुगे सोडत राहिला, आणि वकीलबाईंनी चष्मा पुसून कोणत्या विश्वस्ताने काय करायचं ते समजावून सांगितलं.

पहिला कारभारी विश्वस्त. त्याने भाडं वसूल करायचं, कर भरायचा, सह्या करायच्या. हे दादाकडे जाणार हे उघडच होतं. लोकांचे जबडे उघडून पैसे काढणारा माणूस घरात असताना दुसरा शोधायचा कशाला, असं आत्या म्हणालीसुद्धा. दुसरा देखरेखीचा विश्वस्त, म्हणजे कारभाऱ्यावर नजर ठेवणारा. ते काम आत्याने आनंदाने घेतलं. तिची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती, आणि लोकांची बोलणी जोडून देता देता ती ऐकूनही घ्यायची सवय अजून सुटली नव्हती. नजर ठेवायला बायको कमी पडत होती का, असं दादाने विचारून घेतलं.

तिसरा सोबतीचा विश्वस्त. इथे मात्र हसणं जरा ओसरलं. त्याने सरकारला सकाळी उठवायचं, खाऊपिऊ घालायचं, दाढी करून द्यायची, त्याच्या गोष्टी ऐकायच्या आणि त्याच्याशी खेळायचं. थोडक्यात, स्वतःचं आयुष्य उचलून इथे आणून ठेवायचं. दादाचा दवाखाना भरलेला असे. आत्याचे गुडघे जिन्याचं नाव काढलं की कुरकुरत. आणि मधलीचा दौरा पुढच्या आठवड्यात सुरू होणार होता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली दिवे टांगून झाल्यावर पहिल्यांदाच एका मोठ्या नाटकाच्या जाहिरातीत तिचं नाव आलं होतं.

वकीलबाईंनी एवढंच बजावलं की लाजेकाजेस्तव कोणी हे घेऊ नये. मन मारून केलेली सोबत सरकारला पहिल्याच दिवशी कळेल. हे सगळ्यांनाच पटलं, आणि त्यामुळे पंचाईत आणखीच वाढली.

२

सोबतीचा विश्वस्त निवडायची पद्धत बाबांनी दस्तातच घालून दिली होती, आणि ती ऐकून तिघांनाही हसू फुटलं. ती दादा-मधलीच्या लहानपणाची पद्धत होती. त्या वेळी काही ठरवायचं झालं की मधली दादाच्या तोंडाकडे बघून बोलायची आणि दादा बाबांच्या. म्हणून बाबा सगळ्यांना डोळे मिटायला लावायचे. ज्याला मनापासून वाटेल त्याने अंधारात बोलायचं. आता दस्तात हेच वकिली भाषेत आलं होतं. खोलीतल्या सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि ज्याला हे काम हवं असेल त्याने 'मी' म्हणायचं. त्याचं नाव कागदावर चढवायचं नाही, त्याचे आभार मानायचे नाहीत, पुढच्या वार्षिक बैठकीपर्यंत त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आपल्यावर कोणी उपकार करतंय असं सरकारला कधी वाटू नये, म्हणून ही अट होती.

सरकारला हा खेळ फार आवडला. त्याने फुग्यांची डबी बाजूला ठेवली आणि सगळ्यांना हुकूम सोडला. "मिटा डोळे. लबाडी चालणार नाही."

मधलीला अंधाराचं भय नव्हतं, तिचं पोटच त्यावर होतं. प्रयोग सुरू होण्याआधी सगळे दिवे घालवले की कोण कुठे उभं आहे ते तिला नुसत्या श्वासावरून सांगता येई. आता समोर आत्याचा जड श्वास होता, डावीकडे दादाची कुरकुरणारी खुर्ची, दाराजवळ वकीलबाईंच्या बांगड्या. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. सरकारवर तिचा जीव होता. दौऱ्यावरही जीव होता. आत्ता आपण बोललो नाही तर जन्मभर स्वतःला माफ करणार नाही आणि बोललो तरी नाही, असं तिला वाटत होतं.

तेवढ्यात दादाचा आवाज आला. शांत, हसरा, किंचितही न अडखळता.

"मी."

मधलीचा जीव भांड्यात पडला. डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते, आणि बघते तर बाकीच्यांचीही तीच गत. आत्या तिच्या गळ्यात पडली आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. दादा डोळे पुसत आत्याकडे बघत होता. सरकार टाळ्या पिटत खोलीभर नाचला आणि वकीलबाईंनाही त्याने गोल फिरवलं. बाबा गेल्यापासून त्या खोलीत इतकं हसू झालं नव्हतं.

फक्त एक गोष्ट मधलीला जाता जाता खटकली. डोळे उघडले तेव्हा दादाच्या तोंडात बिस्किट होतं. एक नव्हे, चांगली दोनतीन कोंबलेली. गाल टम्म फुगले होते आणि तो ती चावत होता. एवढ्या भरल्या तोंडाने इतका स्वच्छ 'मी' कसा निघाला? पण दादा खाण्याच्या बाबतीत जादूगारच होता. तिने तो विचार झटकला.

३

दौरा झकास चालला. गावोगावी नाट्यगृहं भरत होती, आणि पडदा पडला की लोक तिच्या दिव्यांबद्दल बोलत बाहेर पडत. अधूनमधून दोन प्रयोगांच्या मध्ये मोकळा दिवस मिळाला की ती घरी एक चक्कर टाकायची.

आणि घर कसं, तर बघत राहावं असं. फरशी लखलखीत, झाडांना पाणी, खिडक्यांचे पडदे धुतलेले. पहिल्या खेपेला दार सरकारने स्वतः उघडलं. गुळगुळीत दाढी, पावडरचा वास, एका बाजूला नीट काढलेला भांग. बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ होती, लहानपणी दादा बांधायचा तशीच. मधलीने मनातल्या मनात दादाला दंडवत घातला. दवाखाना सांभाळून हा माणूस हे करतो कधी?

सरकारने एका फुग्याच्या आत दुसरा फुगा करायची नवी करामत दाखवली. कोणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाला, आपल्या माणसाने. आपलं माणूस आत्ताच गेलं, जरा लाजाळू आहे. दवाखान्यात पेशंटला भूल देण्याआधीही विनोद सांगणाऱ्या दादाला लाजाळू म्हटलेलं ऐकून मधली पोट धरून हसली. सरकारही हसला, पण त्याने मान हलवून पुन्हा सांगितलं की खरंच लाजतं. आणि दुपारी मी गोष्ट सांगितल्याशिवाय त्याला झोप येत नाही.

निघताना तिला मागच्या बोळातला बल्ब दिसला. म्हणजे दिसला नाही, कारण तो जागेवर नव्हता. कोणीतरी काढून, कागदात गुंडाळून, कपाटाच्या खालच्या खणात नीट ठेवला होता. सवयीने तिने तो पुन्हा लावला आणि बटण दाबून पाहिलं. पुढच्या खेपेला आली तेव्हा तो परत खणात होता, आणि जोडीला जिन्यातलाही. विजेचं बिल कारभाऱ्यालाच भरायचं असतं, तेव्हा दादाने काटकसर चालवली असणार. दोन्ही बल्ब लावून ती गेली.

तिसऱ्या खेपेला घरातल्या आतल्या बाजूचा एकही बल्ब जागेवर नव्हता. सरकारला विचारलं तर तो तिलाच समजावू लागला, की डोळ्यांवर येतं ना. कोणाच्या, हे विचारायचं तिला सुचलं नाही, किंवा सुचलं आणि तिने विचारलं नाही.

४

एकदा ती न कळवता भरदुपारी पोहोचली. किल्ली होतीच. आत शिरली तर न्हाणीघराकडून सरकारचं गाणं ऐकू येत होतं. तो दाढी करून घेताना गातो. मधलीला वाटलं, आज कारभाऱ्याला रंगेहाथ पकडावं, आभार मानायचे नसले तरी निदान एक गुद्दा घालावा.

न्हाणीघराच्या दाराला वरच्या बाजूस खरखरीत काच होती. पलीकडे खिडकीचा उजेड, आणि त्या उजेडावर दोन आकृत्या. स्टुलावर सरकार, मान वर करून बसलेला. त्याच्या मागे वाकलेली दादाची रुंद पाठ. हात सावकाश फिरत होता, गालावरून हनुवटीकडे, आणि गाणं त्या हाताबरोबर वरखाली होत होतं. इतकी माया होती त्या हालचालीत, की मधली तिथेच थबकली. तिने दार लोटलं नाही. उगाच अट का मोडा, असं म्हणत ती पावलं न वाजवता बाहेर आली आणि रस्त्याला लागली. तिला फार बरं वाटत होतं.

कोपऱ्यावर पोहोचते न पोहोचते तोच फोन वाजला. दादाचा होता. नाटकाची तिकिटं हवी होती त्याला, सासूबाईंसाठी, पुढच्या रांगेतली. मागे ड्रिलची घरघर ऐकू येत होती, आणि कोणीतरी कण्हत होतं.

"कुठे आहेस तू?" मधलीने विचारलं.

"कुठे असणार? दवाखान्यात. सकाळपासून मान वर केलेली नाही. का गं?"

ती काहीबाही बोलली आणि फोन ठेवला. मग बराच वेळ एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. ऊन लख्ख होतं, रस्त्यावर माणसं होती. उजेड कुठून येतो ते एकदा ठरलं की सावलीचा उलगडा होतो, हे तिच्या धंद्यातलं पहिलं गणित. काच खरखरीत होती, तिच्यातून कोणाचीही पाठ रुंद दिसेल. दादाने कोणी माणूस ठेवला असेल, पगार देऊन. तोही दादासारखाच आडवा असेल. असतात माणसं आडवी. परत जाऊन दार उघडलं की झालं, एवढं सोपं होतं ते.

ती परत गेली नाही. सरकार सुखात होता ना? आणि संध्याकाळी प्रयोग होता.

५

वार्षिक बैठकीला सगळे हसतखेळत जमले. दादाने केक आणला, वकीलबाईंनी चक्क रंगीत साडी नेसली होती. वर्ष उत्तम गेलं होतं. भाडं थकलं नव्हतं, घर नव्यासारखं दिसत होतं, आणि सरकारचं वजन वाढून तो गोबरा झाला होता. केकचे दोन मोठे तुकडे घेऊन तो आपल्या खोलीत गेला.

आता वर्ष झालं, बोलायला हरकत नाही, असं म्हणत आत्याने मधलीचा हात हातात घेतला. दौरा सांभाळून पोरीने हे कसं केलं असेल या विचाराने आपल्याला कितीदा रडू आलं, ते तिने सांगितलं.

मधली म्हणाली की चुकतेस तू, मी नाही, दादा. दादाने हसून कानांवर हात ठेवले. त्याच्या मते हे सगळं आत्याचं होतं. गुडघ्यांचं निमित्त करून लोकांना फसवते आणि गुपचूप जिने चढते, म्हणून तर त्याने तिला मुद्दाम कधी विचारलं नव्हतं.

पहिल्यांदा तिघंही खळखळून हसली. बाबांच्या अटीने कसं छान वेड्यात काढलं, असं दादा म्हणाला. मग हसणं हळूहळू कमी होत गेलं, आणि कोणीच केक खाईना.

"अरे, मी आवाज ऐकलाय हिचा," आत्या म्हणाली. "चाळीस वर्षं आवाज ओळखले मी. सर्दी झालेली असली तरी कोण आहे ते सांगायचे. ही होती. माझ्या कानात होती."

दादाने आत्याचा आवाज ऐकला होता. मधलीने दादाचा. शेवटी तिघांनी वकीलबाईंकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या. मग त्या म्हणाल्या की मला तर माझाच आवाज ऐकू आला होता. वाटलं, आपली जीभ घसरली. कोणी काही विचारलं नाही, म्हणून मीही बोलले नाही.

वरच्या मजल्यावर सरकार हसला. त्याचं ते मोठं, मोकळं हसू. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं एक हसू आलं. बारीक, थोडं उशिराने, एखादा विनोद न कळलेला माणूस इतरांना बघून हसतो तसं.

६

तिघं धावत वर गेली. आत्यासुद्धा गेली, गुडघे विसरून.

सरकार पलंगावर एकटाच होता. एकटा, पण अगदी काठाला बसलेला, शेजारी ऐसपैस जागा सोडून. बशीत केकचा एक तुकडा जवळजवळ अख्खा होता आणि त्यातला एक घास चमच्यात घेऊन सरकारने हवेत धरला होता. शेजारच्या जागी गादीला खळगा पडला होता. ती तिघं दारात उभी असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत, तो खळगा सावकाश भरून वर आला. चादर सपाट झाली.

"घाबरवलंत ना त्याला," सरकार म्हणाला. त्याला खूप वाईट वाटलं होतं.

दादा म्हणाला की सरकारला आत्ताच्या आत्ता माझ्याकडे नेतो. सरकारने पलंगाची दांडी धरली ती सोडेचना. हे माझं घर आहे, आणि आपल्या माणसाला टाकून मी कुठेही जाणार नाही, हा त्याचा हुकूम होता. त्याला कोण आहे माझ्याशिवाय, असं तो रडत रडत विचारत होता. वर्षभरात तो पहिल्यांदा रडत होता, आणि त्याला रडवणारी त्याचीच माणसं होती.

शेवटी हार मानून तिघं खाली आली, तोवर वकीलबाईंनी स्वतःला सावरलं होतं. भीती वाटली की त्या कायद्यात शिरत, आणि तिथे त्यांना धीर येई. त्यांचं म्हणणं असं की 'मी' सगळ्यांनी ऐकला आणि कोणी हरकत घेतली नाही, तेव्हा नेमणूक झाली. काम चोख झालेलं आहे. अशा विश्वस्ताला काढता येत नाही. त्याने आपणहून दुसऱ्याच्या हाती सूत्रं दिली तरच तो मोकळा होतो, आणि त्यासाठी आधी कोणीतरी दुसरं उभं राहायला हवं.

मधलीच्या पिशवीत त्याच सकाळी आलेला करार होता. नाटक समुद्रापलीकडे चाललं होतं, वर्षभरासाठी, आणि सोबत तिचे दिवे. ती जिन्याकडे बघत राहिली. वर सरकारचे हुंदके चालू होते, आणि त्यांच्यामध्ये कोणीतरी त्याला हळू आवाजात समजावत होतं. शब्द कळत नव्हते. आवाज मात्र मधलीचाच होता.

त्या क्षणी तिला भीतीपेक्षा लाज अधिक वाटली. आपल्या भावाचे डोळे आपला आवाज घेऊन दुसरंच कोणी पुसतंय, आणि आपण इथे खुर्चीत बसलोय.

"मी," ती म्हणाली. मोठ्याने, डोळे सताड उघडे ठेवून. "मी राहते इथे. कायमची."

आणि म्हटल्याबरोबर तिला इतकं हलकं वाटलं की तिचं तिलाच नवल वाटलं. दादाने तिला कवेत घेतलं, आत्या रडायला लागली, आणि वरचे हुंदके थांबले. करार तिने पिशवीतून काढला आणि फाडलासुद्धा नाही, नुसता दादाच्या हातात दिला, मुलांना विमानं करायला.

७

सूत्रं देण्याचीही रीत बाबांनी घालून दिली होती. सगळ्यांनी टेबलाभोवती बसायचं, डोळे मिटायचे. मावळत्या विश्वस्ताने लाभार्थीचा, म्हणजे सरकारचा, हात धरून नव्या विश्वस्ताच्या हातात द्यायचा. नव्याने तो धरून म्हणायचं की आजपासून याला मी आहे. एवढं झालं की झालं.

दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं. दादाने मुद्दाम सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या. सरकार तोंड धुऊन, नवा शर्ट घालून खाली आला. मधली आता आपल्यापाशीच राहणार हे ऐकून तो खूश होता, त्याने तिच्या गालाचा मुकासुद्धा घेतला. फक्त एक शंका त्याच्या मनातून जात नव्हती.

"आणि त्याचं कोण बघणार?"

"बघू काहीतरी," मधली म्हणाली. मोठी माणसं म्हणतात तसं.

त्यावर सरकारचं समाधान झालं. बाबांचा नियम त्याला पाठ होता, शब्द दिला म्हणजे दिला. तो जिन्याकडे तोंड करून ये रे म्हणाला, आणि मग टेबलाच्या टोकाला, आपल्या ठरलेल्या खुर्चीत जाऊन बसला. सगळ्यांनी डोळे मिटले. आत्या पुटपुटत होती, दादाची खुर्ची कुरकुरत होती, वकीलबाईंच्या बांगड्या किणकिणत होत्या. मधलीने टेबलावर उजवा हात उताणा ठेवला.

जिन्यात पाऊल वाजलं नाही. फक्त उन्हाची ऊब चेहऱ्यावरून जरा सरकली, मध्ये काही आल्यासारखी. मग तिच्या तळहातावर एक हात येऊन टेकला. गुबगुबीत, घामेजलेला, अगदी लहानपणी रस्ता ओलांडताना तिच्या मुठीत असायचा तसा. तिने सुटकेचा श्वास टाकला. सगळं नीट होत होतं. तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि शब्द स्वच्छ उच्चारले.

"आजपासून याला मी आहे. कायमची."

टेबलाच्या टोकाकडून टाळ्या ऐकू आल्या. सरकारच्या टाळ्या तिला कुठेही ओळखू आल्या असत्या. खोलगट, बेताल, हात दुखेपर्यंत वाजवलेल्या. दोन्ही हातांनी.

"बघ," सरकार आनंदाने कोणाला तरी सांगत होता, "आता तुलापण कोणीतरी झालं."

वकीलबाई म्हणाल्या की डोळे उघडायला हरकत नाही. खुर्च्या सरकल्या. दादाने कसलासा विनोद सुरू केला, आणि तो अर्ध्यावर तुटला. आत्याच्या हातून बशी पडली. मधलीने डोळे घट्ट मिटून ठेवले होते. सगळे आपल्याकडे बघताहेत, आणि आपल्या शेजारी बघताहेत, हे तिला कळत होतं. तिच्या हातांतला हात त्या शांततेने बावरला, बारीक थरथरायला लागला आणि निसटू पाहू लागला.

पण शब्द दिला होता तो मधलीनेच. तिने तो अधिकच घट्ट धरला.